लाल टोपीचा दिवा

आप्पा,

आमच्या जिन्यातला दिवा परवा बदलला. वायरमन स्टुलावर चढला होता आणि मी दाराशी उभी होते. जुना दिवा काढून नवा लावता लावता तो म्हणाला, "यात काय नसतं ताई. नुसती चिप. बाकी सगळं प्लास्टिक." मला राग यायला एवढं पुरलं. माझा राग तुम्हाला माहीत आहे. मी त्याला तिथल्या तिथे भाषण दिलं. म्हटलं, बाबा रे, चिपमधला उजेड आपणहून बाहेर येत नसतो, त्याला बाहेर काढावं लागतं, आणि तू ज्याला प्लास्टिक म्हणतोस तेच त्याला बाहेर काढतं. ते कसं असावं, किती फुगीर, किती खोल, यावर माणसांनी आयुष्यं घातली आहेत! तो स्टुलावरून शांतपणे ऐकत होता. मग त्याने सरळ विचारलं, "पण का येत नाय बाहेर?" आणि मी थांबले. पुढचं मला येत नव्हतं. मैदानात माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारी मी, जिन्यात एका माणसापुढे अडले. "आमच्या वडलांना माहीत होतं," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "मग विचारा ना त्यांना." आणि खटका दाबला.

म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्ही मला सांगितलं नव्हतं असं नाही. डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, आई पोळ्या लाटत असताना तुम्ही सांगताय आणि मी डब्यातल्या चिवड्यात हात घालून ऐकतेय, हे अजून दिसतं. तुम्ही काचेच्या पेल्यात पाणी घेता, पेला माझ्या डोळ्यांच्या वर धरता आणि म्हणता, "खालून बघ. पाण्याची वरची बाजू बघ." ती बाजू आरशासारखी चकाकत असते. "आतून तिरका गेलेला उजेड वरच्या बाजूला आपटतो आणि परत खाली येतो. चिपमध्ये असंच होतं. ती मोहरीपेक्षा लहान, पण तिच्या आतच उजेड येरझाऱ्या घालत बसतो. भिंतीला सरळ भिडला तर बाहेर, तिरका भिडला तर परत आत. म्हणून तिच्यावर असा घुमट ओतायचा, की उजेड कुठूनही निघाला तरी भिंत त्याला समोरच भेटेल." आई पोळी उलटत म्हणते, "कळलं. आता तुम्हीपण सरळ उठा आणि बाहेर जा. मला ओट्यावर जागा हवी." तुम्ही हसता, पण उठत नाही. स्टीलची वाटी काढता, तिच्या तळाशी लिमलेटची गोळी ठेवता. "आणि जो उजेड कडेकडेने पळतो, त्याला ही वाटी धरून समोर पाठवते. चांगल्या दिव्यात वाया काही जात नाही." वाया काही जात नाही, हे तुम्ही असं म्हणायचात, जसं दुसरं कोणी देवाचं नाव घेईल.

तुमचे घुमटही याच घरात शिजले. कंपनीतली भट्टी इतरांच्या कामाला अडकली की तुम्ही आईचा तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन घ्यायचात, ज्यात ती नानकटाई करायची. चिकट पारदर्शक रसायन साच्यात ओतून त्यात ठेवायचात आणि समोर पाटावर बसून राहायचात. पुढच्या दिवाळीत नानकटाईला एक विचित्र वास होता. पाहुण्यांनी एकेक खाल्ली आणि पाणी मागितलं. "अहो, दिवे करा नाहीतर फराळ करा," आई म्हणाली, "दोन्हीचा संसार एका ओव्हनात होणार नाही." ओव्हन तुमचा झाला. नानकटाई आपल्या घरात परत कधी झाली नाही, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तेव्हा मी ऐकत होते, पण अर्धवट. मला दुसरे उजेड दिसत होते. वाचनालयातलं कपाट संपवून मी सभांकडे वळले होते, कारखान्यांच्या गेटवर बोलत होते, युनियनच्या ऑफिसात माझं टेबल होतं. आणि कामगारांच्या पगाराइतकीच, खरं तर त्याहून जास्त, मी त्यांच्या देवभोळेपणावर तुटून पडत होते. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ नवरात्रात सभा होती. शेजारी देवीची रोषणाई आणि मी स्टेजवर. "जोडलेले हात काही धरू शकत नाहीत!" असं मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले. केवढ्या टाळ्या! ते वाक्य माझ्या आधी लोकांच्या तोंडी यायला लागलं. तुम्ही आला आहात हे मला ठाऊक नव्हतं. मग दिसलात. सगळे एका जागी उभे आणि तुम्ही गर्दीच्या कडेकडेने चालत होतात, डावीकडून उजवीकडे, अर्धवर्तुळात, मध्येच थांबत, मान कलती करत. मला वाटलं बूट चावतायत.

परत येताना म्हणालात, "समोरच्या चार रांगा अगदी दिपल्या होत्या."

"मग?"

"कडेला उभ्या होत्या त्या बायका आपसात बोलत होत्या. त्यांच्यापर्यंत काही गेलं नाही."

"त्यांना ऐकायचं नव्हतं, आप्पा."

"असेल. पण दिवा समोरून बघून पास करायचा नसतो गं. समोरून सगळेच झगझगीत दिसतात. बाजूने फिरून बघावं लागतं." मी तुम्हाला विचारलं, मी काय दिवा आहे का. तुम्ही म्हणालात, "नाही ना. दिव्याला सांगितलं की तो ऐकतो."

वागळे इस्टेटमधल्या तुमच्या कंपनीत मी एकदाच आले, तुमचा डबा घरी राहिला म्हणून. तुम्ही मला अंधाऱ्या खोलीत नेलंत. काळ्या रंगाच्या भिंती, टेबलावर पट्टीला लावलेला दिवा आणि समोर काट्याचं मीटर. कारखान्यांच्या पॅनलवर बसवायचे धोक्याचे दिवे. आधी त्यात तारेचे बल्ब असायचे, सारखे उडायचे. तुम्ही त्या जागी न उडणारा, चिमूटभर विजेवर चालणारा दिवा केला होता. समोर लाल टोपी. कंपनीत सगळे कॅप म्हणत, तुम्ही टोपी म्हणायचात. तुम्ही ती काढलीत आणि मीटरचा काटा वर सरकला.

"म्हणजे टोपी उजेड खाते?"

"खाते ना. आणि कामही नाही तिचं. बल्बचा उजेड पिवळा, त्याला लाल करायला टोपी लागायची. याचा उजेड मुळातच लाल आहे."

"मग ठेवता कशाला?"

"बिनटोपीचा नमुना दाखवला होता. कारखान्यांचे खरेदीवाले म्हणाले, हा विझलेला असला की पांढरा दिसतो, असला धोक्याचा दिवा असतो का? विझलेलासुद्धा लालच दिसला पाहिजे."

मी पेटले. म्हटलं, हीच ती सवयीची गुलामी, तुम्ही ठणकावून नाही म्हणायला हवं होतं! तुम्ही टोपी परत बसवत म्हणालात, "फेट्याशिवाय नवरदेव उभा करून बघ मांडवात. लग्न नवरदेवाशी असतं, पण बघायला आलेले फेटाच बघतात." मी अजून बोलतच होते. तुम्ही डबा उघडून मला अर्धी पोळी दिलीत. पोळी तोंडात असताना भाषण करता येत नाही, हे तुमच्याइतकं कोणी ओळखलं नाही.

नव्वदीची सुरुवात असावी. डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात संध्याकाळी केटल तापली. ज्यात माल शिजवतात ते मोठं बंद भांडं. झाकणाखालून उकळता माल उसळला. पॅनलवरचा ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद करायला धावला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कळव्याचा, खाडीवरच्या कोळीवाड्यातला माणूस, दाराएवढा रुंद. भोंगा बिघडून दुरुस्तीला गेलेला होता, पण धोक्याचा लाल दिवा चालू होता, आणि तोच त्याच्यावर उलटला. सुपरवायझरने लिहून दिलं, की ऑपरेटरने दिवा पेटलेला पाहिला, त्याला हात जोडून नमस्कार केला आणि तो चहा प्यायला लागला.

त्याला सस्पेंड केलं. पुढची पायरी बडतर्फी. हात बांधलेला, तो युनियनच्या ऑफिसात माझ्यासमोर बसला. मी आधी त्यालाच झापलं. "अहो, धोक्याच्या दिव्याला नमस्कार? माणूस आहात की कोण आहात?"

"ताई, तो दिवा काय एक पेटत नाय. सगली लाइन पेटतं. रोज, संध्याकालचं. आमी बोलतो, दिवेलागन झाली. हात जोरतो न् कामाला लागतो. सगलेच जोरतात. सुपरवायझर पन जोरतं."

"रोज पेटतात तर सांगितलं नाहीत कुणाला?"

"सांगितला ना! इलेक्ट्रिशन आला सकालचा. बोलला, वायरिंग ओके हाय, तुझी उतरली नसंल."

ऑफिसातले आमचे कार्यकर्ते तोंडावर फाइल धरून हसत होते. एकाने मला नंतर विचारलंही, "काय ताई, नमस्कारवाल्याची केस लढणार तुम्ही?" मला खरंच वाटत होतं की माणूस खोटं बोलतोय. पण तो माझा सभासद होता, आणि माझ्या माणसाला कोणी काढायचं नाही, एवढं मला कळत होतं. रात्री जेवताना मी हे सगळं चिडून सांगितलं. आई हसली. तुम्ही हसला नाहीत. तुमचा घास हातातच राहिला.

"पॅनलच्या समोर खिडकी आहे का?"

"असेल. का?"

"पश्चिमेला?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारून आले. खिडकी पश्चिमेची होती. बाहेर एक जुनी शेड होती, ती पावसाळ्यानंतर पाडली, तेव्हापासून ऊन सरळ आत येत होतं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि ओट्यावरचा पेला उगाच विसळून ठेवलात.

त्या रविवारी तुम्ही कपाटातून तुमचा एक दिवा काढलात. त्याला वायर नव्हती, काही नव्हतं. बाहेरच्या खोलीत फळीवर, गॅलरीकडे तोंड करून ठेवलात आणि मला गॅलरीत उभं केलंत. आई तिथे दोरीवरचे कपडे काढत होती. ऊन उतरत उतरत खोलीत शिरलं, फरशीवरून भिंतीवर चढलं, फळीपर्यंत आलं, आणि दिवा लागला. अगदी लख्ख, आतून लागल्यासारखा लाल. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे नाही, त्याच्याकडेच बघत होतात. "वाटीने आत शिरलेलं ऊन गोळा करून परत पाठवलं," तुम्ही हळू म्हणालात. "येताजाता टोपीने ते लाल केलं. वाया काही जात नाही."

तेवढ्यात आई वळली. दोन्ही हातांत कपड्यांचा ढीग. तिने फळीवरचा दिवा पाहिला, ढीग एका हातावर घेतला, मोकळा झालेला हात छातीशी नेला, मान किंचित झुकवली आणि म्हणाली, "अगंबाई, दिवेलागण झाली की. दूध तापवायचंय अजून." आणि आत गेली.

आपण दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिने दिव्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. हात आपणहून गेला होता. मी सभांमधून ज्याला अंधश्रद्धा म्हणत होते ते माझ्या आईच्या कोपरात बसलेलं होतं, डोळ्यांची उघडझाप असते तसं. नंतर तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी त्या केमिकलवाल्यांच्या दिव्याला नमस्कार केला? आणि तुम्ही दोघं उभे राहून बघत होतात?"

आप्पा, माझं मन पुन्हा पुन्हा जातं ते त्याच संध्याकाळी पुढे झालेल्या बोलण्यावर. तुम्ही विचारलंत, "हे सांगायला मला यावं लागेल का? तू नाही दाखवू शकणार?" मी काय केलं? मी सत्यावर बोलले. उभी राहून बोलले. एका माणसाची भाकरी आणि एका कंपनीची अब्रू यांत निवड करायची वेळ येते तेव्हा, असं काहीतरी. वाक्यं चांगली होती. तुमच्या साहेबांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं की आपल्या मालाविरुद्ध गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन बोललात तर बघा, हे मला माहीत नव्हतं; आणि मी विचारलंही नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "बरं बरं. येतो. तू खाली बस आता."

चौकशी रोज सकाळी ऑफिसात चालायची. तुम्ही अट घातलीत, की मी बोलेन ते पॅनलच्या खोलीत आणि संध्याकाळी. सगळे जमले. मॅनेजर, चौकशी अधिकारी, सुपरवायझर, बांधलेल्या हाताचा ऑपरेटर आणि मी. तुम्ही पॅनलचा मेन स्विच बंद करायला लावलात. आणि ऊन ढगात गेलं. आम्ही उभे. चहा आला, कप रिकामे झाले. मॅनेजर म्हणाला, "काय हो ताई, सूर्याला समन्स पोचलं नाही वाटतं?" मग जरा थांबून, गोड आवाजात, "तुमचं भाषण आम्हीही ऐकलंय बरं का. जोडलेले हात काही धरू शकत नाहीत. बरोबरच आहे. यांनी हात जोडले, म्हणून व्हॉल्व्ह धरायचा राहिला. आम्ही वेगळं काय म्हणतोय?"

माझंच वाक्य, माझ्याच माणसाच्या गळ्याभोवती. ऑपरेटर माझ्याकडे बघत होता, मी खिडकीकडे.

आणि ऊन आलं. पॅनलवरची लाल दिव्यांची रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लागत गेली. वीज बंद, आणि दिवे चालू. "ह्योच!" ऑपरेटर ओरडला. "ह्योच बोलत व्हतो ना मी!" सुपरवायझरचा हात खिशातून अर्धा बाहेर आला आणि परत खिशात गेला. तो मी पाहिला, तुम्हीही पाहिलात. तुम्ही फक्त पुढे होऊन एकेका दिव्यावर तळहाताची सावली धरत गेलात. हात धरला की दिवा विझे. काढला की लागे. मग म्हणालात, "यातला एखादा खरा लागला तर मलाही ओळखू येणार नाही. आणि हे मी बनवलेत."

"म्हणजे तुमचं डिझाइन चुकीचं?" मॅनेजरने लगेच विचारलं.

"टोपी नको होती. पांढरी काच असती तर उन्हाने पांढरा चमकला असता, लाल नाही. शिवाय आम्ही दिवे काळ्या खोलीत तपासले. दिव्यावर बाहेरून उजेड पडतो तेव्हा काय होतं, ते मी कधी बघितलं नाही."

"टोपी कोणी घातली मग?"

माझ्या जिभेवर होतं. तुमच्याच खरेदीखात्याने! मी तोंड उघडलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता हात जरासा वर केलात, मघाशी दिव्यांपुढे धरत होतात तसाच, आणि म्हणालात, "मी घातली."

बाहेर आल्यावर मी भांडले तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, "ते मागणारच गं. त्यांना काय कळतंय त्यातलं. नाही म्हणायचं काम माझं होतं. तू तेव्हा म्हणाली होतीस की."

तो माणूस कामावर परत गेला. गेटवर गुलाल उधळला, मला स्टुलावर चढवलं, आणि मी बोलले. तिथेच मला ते सुचलं. "दोस्तहो, या देशात असे पुष्कळ दिवे आहेत, जे आतून विझलेले आहेत आणि बाहेरून लाल दिसतात!" गेट दणाणलं. ते मी नंतर किती वर्षं वापरलं! पुढाऱ्यांवर वापरलं, आमच्यातल्याच फुटलेल्यांवर वापरलं, कल्याणला, विठ्ठलवाडीला, उल्हासनगरला. विझलेला दिवा, लाल टोपी. लोक हसायचे, पेटायचे. तुम्ही एकदा कडेला उभे होतात. घरी आल्यावर विचारलंत, "त्या दिव्याच्या वाक्याला दर वेळी टाळ्या पडतात का?"

"पडतात ना!"

"मग ठीक आहे," म्हणालात आणि बातम्या लावल्यात.

तुमच्याकडून दिव्यांचं काम काढून घेतलं, तुम्हाला स्टोअरला बसवलं, हे तुम्ही बरेच दिवस सांगितलं नाहीत. मग लवकर निवृत्ती घेतलीत. ऑपरेटर एकदा खाडीतल्या चिंबोऱ्या घेऊन आला, पिशवी अजून हलत होती. भाजलेल्या हाताची कातडी तांबूस, ताणलेली. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, तुमची नोकरी माझ्यापायी जेली ना?" तुम्ही म्हणालात, "छे हो, मीच कंटाळलेलो. आत या, त्या पिशवीला आधी कुठेतरी बांधा." आईने रस्सा केला. तुम्ही दोघं नांग्या फोडत बसलात, आणि तुम्ही त्याला पेल्यातलं पाणी दाखवून सगळं समजावलंत, चिप, घुमट, वाटी. त्याला कळलं. त्याने तुम्हाला उलट प्रश्न विचारले, खाडीच्या पाण्यात बुडी मारून वर बघितलं की तसंच दिसतं म्हणाला. मी तिथेच होते, पण मला सभेला जायचं होतं.

नंतर घरी बसून तुम्ही बिनटोपीचा दिवा पुरा केलात. पांढरी काच, वर ऊन अडवायला छोटा छज्जा, वाटीची आतली चकाकी थोडी मंद केलेली. कुठूनही बघा, खरा तेवढाच दिसायचा. पण मीटरवर जुन्यापेक्षा काटा खाली राहायचा, आणि विकत घेणारे काटाच बघायचे. एकदा तुम्ही म्हणालात, "तुझ्या कारखान्यांतून कुठे सांगता येईल का याच्याबद्दल? तुला बोलता येतं." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. एकदा एका गेटवर सुरुवातही केली. लोकांनी जांभया दिल्या, आणि मी टोपीच्या वाक्यावर आले. खोट्या दिव्याची गोष्ट सांगायला सोपी आहे, आप्पा. खऱ्या दिव्याची सांगायला तो कळावा लागतो, आणि मला तो कधी कळलाच नव्हता. घरोघरी हे चिपचे दिवे लागायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात.

गेलात तेव्हाचंही सांगायला हवं. तुम्हाला खाली ठेवलं होतं त्या जागी आईला दिवा ठेवायचा होता, दहा दिवस ठेवतात तसा. मी नाही म्हटलं. मी काहीच करू दिलं नाही. माझ्या घरात माझ्या मतांविरुद्ध काही होणार नाही, असं शेजाऱ्यांदेखत बोलले. मला आजही वाटतं की माणूस मेला की संपतो, त्याला ना दिवा लागतो ना पाणी. मी ते मत बदललेलं नाही. पण आई एवढंच म्हणाली होती, "जन्मभर दिवे केले गं त्यांनी. एक नाही लावायचा?" आणि मी तिला उत्तर दिलं होतं. उत्तर चांगलं होतं. तीही गेली आता.

हे पत्र मी कुठे टाकणार? जिथे पोचवावं अशी जागा नाही, हे मीच गावोगाव सांगत आले. घडी घालून ठेवीन, किंवा रद्दीत जाईल.

घरासमोर आता मोठ्या इमारती झाल्यात. दोन इमारतींच्या फटीतून थंडीत थोडे दिवस ऊन आत येतं. वायरमन येऊन गेल्यावर मी कपाटातून तुमचा तो टोपीवाला दिवा शोधून काढला आणि फळीवर ठेवला, जुन्याच जागी. म्हटलं, बघू तरी अजून चमकतो का. काल संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. वळले, तर तो लागला होता. त्याला वायर नाही, हे मला माहीत आहे. तो कशाने लागतो तेही माहीत आहे, तेवढं एक तुम्ही मला पुरतं शिकवलंत. तरी आप्पा, कपडे कधी खाली पडले ते कळलं नाही. माझे दोन्ही हात जोडलेले होते.